हात थॉमसचे, नाव दुसऱ्यांचे!

वैद्यकीय संशोधकाची पात्रता आजकाल तीन आकड्यांत मोजली जाते. त्याच्या नावावर शोधनिबंध किती, त्या निबंधांचा इतर संशोधकांनी उल्लेख किती वेळा केला आणि या दोहोंतून निघणारा निर्देशांक किती. नेमणूक असो, बढती असो, अनुदान असो की पुरस्कार असो, निवड समितीपुढे हे आकडे ठेवले जातात आणि निकाल लागतो. आकडे वर्ण पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, म्हणून यांच्याइतके निःपक्षपाती माप दुसरे नाही, असे आम्हाला उठता-बसता ऐकवले जाते. आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून ऊर बडवणारी मंडळी तर हे आकडे ब्रह्मवाक्यासारखे पुढे करतात. म्हणून आज आम्ही या आकड्यांचाच हिशोब मांडणार आहोत. आकडा खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. तो आकडा नेमका कशाचा आहे हे विचारल्याशिवाय त्याच्यापुढे मान तुकवायची नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे माप आले कुठून ते आधी पाहू. युजीन गारफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाने 1955 साली एक कल्पना मांडली आणि 1964 साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची प्रत्यक्षात आणली. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निबंधांत झाला, हे त्या सूचीवरून कळू लागले. ज्ञानाच्या जंगलात वाट सापडावी म्हणून केलेली ही सोय होती. पुढे तिचीच मोजपट्टी झाली. 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' काढला. समजा एखाद्याचे 20 निबंध असे आहेत की त्यातल्या प्रत्येकाचा किमान 20 वेळा उल्लेख झाला आहे, तर त्याचा निर्देशांक 20. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने 2015 साली परिपत्रक काढून वैद्यकीय महाविद्यालयातील बढतीसाठी निबंधावरच्या पहिल्या दोन नावांनाच श्रेय द्यायचे ठरवले. त्या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 च्या नियमावलीत पहिली तीन नावे किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक, असा निकष ठेवला. म्हणजे नाव असून भागत नाही, ते कितव्या क्रमांकावर आहे यावर माणसाचे भवितव्य ठरते.

यात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ही सगळी मोजणी सुरू होते ती निबंधाच्या शीर्षकाखाली छापलेल्या नावापासून. तिथे नाव आले तर माणूस मोजला जातो. तिथे नाव नसेल तर त्याने आयुष्यभर प्रयोगशाळेत रक्त आटवलेले असले तरी मोजणीत तो शून्य. मग तिथे नाव कोण घालतो? कुणाचे घालतो? आणि कुणाचे गाळतो? याचे उत्तर शोधायला अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय संशोधकाचा हिशोब तपासावा लागेल. त्यांचे नाव व्हिव्हियन थॉमस.

थॉमस यांचा जन्म 1910 सालचा, लुईझियाना राज्यातला. बालपण गेले टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात. वडील सुतार होते आणि मुलाच्याही हातात तीच कला उतरली. शाळा उत्तम रीतीने पार पडली. डॉक्टर व्हायचे होते, म्हणून सुतारकाम करून पै-पै जमवली. 1929 साली शेअर बाजार कोसळला, पाठोपाठ बँक बुडाली आणि कॉलेजसाठी ठेवलेले पैसे गेले ते गेलेच. 1930 साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक या गोऱ्या शल्यचिकित्सकाच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. काही दिवसांतच ते स्वतः प्राण्यांवर शस्त्रक्रिया करू लागले, रक्तदाबाच्या नोंदी घेऊ लागले, रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र वाचू लागले. काम संशोधकाचे होते. पण विद्यापीठाच्या दप्तरी त्यांचा हुद्दा काय होता? झाडूवाला! पगारही त्याच दर्जाचा. हे ध्यानात आल्यावर थॉमस यांनी निमूट सहन केले नाही, तोंडावर विचारले आणि पगार वाढवून घेतला. हाडाच्या स्वाभिमानी माणसाचे हे लक्षण आहे.

अपघातात किंवा युद्धात जबर जखमी झालेला माणूस अचानक का ढासळतो, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. शरीरात काही विष तयार होते म्हणून, असे अनेक जाणकार मानत. ब्लॅलॉक आणि थॉमस यांच्या प्रयोगांनी दाखवले की खरे कारण रक्त आणि द्रव कमी होणे हे आहे. रक्त व रक्तद्रव वेळेवर भरून काढले तर माणूस वाचतो. या ज्ञानाचा लाभ दुसऱ्या महायुद्धातील असंख्य जखमी सैनिकांना झाला. या कामावर ब्लॅलॉक यांची कीर्ती उभी राहिली आणि 1941 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित संस्थेत ते शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. जाताना त्यांनी थॉमस यांना बरोबर नेले. थॉमस यांच्या हातांशिवाय आपले चालणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

बाल्टिमोर हे वर्णभेदाचे शहर. हॉपकिन्समध्ये काळ्यांचे स्वच्छतागृह वेगळे. काळा माणूस तिथे दिसायचा तो फरशी पुसताना. पांढरा कोट घातलेले थॉमस व्हरांड्यातून चालू लागले की माणसे थबकून पाहत. आमच्या ज्या बापजाद्यांनी स्वच्छ कपडे घालून गावातून चालण्याची शिक्षा भोगली आहे, त्यांच्या लेकरांना ही नजर कुठली हे समजावून सांगण्याची गरज नाही.

इथेच डॉ. हेलन टॉसिग यांनी ब्लॅलॉक यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. काही बाळे हृदयातील दोषासह जन्माला येतात. त्यांच्या फुप्फुसाकडे पुरेसे रक्त जात नाही, अंगाला प्राणवायू मिळत नाही, ओठ आणि नखे निळी पडतात. 'निळी बाळे' म्हणत त्यांना. त्यांच्यातली कितीतरी बाळे लहानपणीच दगावत. फुप्फुसाकडे जास्त रक्त नेण्याची काही वाट काढता येईल का, असा टॉसिग यांचा प्रश्न होता. प्रश्न टॉसिग यांचा, प्रयोगशाळा ब्लॅलॉक यांची. पण वाट काढायची कुणी? ते काम थॉमस यांच्याकडे आले. त्यांनी आधी कुत्र्यांमध्ये तसाच दोष निर्माण केला, मग तो दूर करण्याची रीत शोधली. हाताकडे रक्त नेणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, असा तो मार्ग होता. सुमारे 200 कुत्र्यांवर हे प्रयोग झाले. इतक्या नाजूक रक्तवाहिन्या शिवायच्या सुया त्यांनी कापून-घासून बसवल्या, चिमटेही कामाजोगे करून घेतले. बापाकडून आलेली सुतारकामाची विद्या इथे कामी आली.

29 नोव्हेंबर 1944 रोजी आयलीन सॅक्सन या चिमुकल्या मुलीवर हॉपकिन्समध्ये ती शस्त्रक्रिया झाली. सुरी ब्लॅलॉक यांच्या हातात होती. त्यांच्या खांद्यामागे एका स्टुलावर व्हिव्हियन थॉमस उभे होते आणि टाका कुठे घ्यायचा, कसा घ्यायचा, हे सांगत होते. ब्लॅलॉक यांनीच त्यांना तिथे उभे करवले होते, कारण ही शस्त्रक्रिया थॉमस यांनी प्राण्यांवर कितीतरी वेळा केली होती आणि ब्लॅलॉक यांनी जेमतेम. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी गेली, परंतु वाट खुली झाली होती. नंतरच्या रुग्णांचे निळे ओठ डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत गुलाबी झाले. वर्षभरात हॉपकिन्समध्ये 200 हून अधिक रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली. देशोदेशीचे आईबाप आपली निळी बाळे घेऊन बाल्टिमोरला धावले. हृदयावर शस्त्रक्रिया होऊ शकते, हा विश्वास जगाला देणाऱ्या घटनांमध्ये ही एक मोठी घटना होती.

आता येतो हिशोबाचा प्रश्न. मे 1945 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पहिल्या तीन रुग्णांवरचा निबंध छापून आला. त्यावर नावे दोन: आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि हेलन टॉसिग. व्हिव्हियन थॉमस यांचे नाव त्यावर नाही. शस्त्रक्रियेला नाव पडले 'ब्लॅलॉक-टॉसिग शंट'. पुढे दशकानुदशके जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी या निबंधाचा उल्लेख केला, पाठ्यपुस्तकांनी केला, विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहिला. प्रत्येक उल्लेखागणिक दोन नावांच्या खात्यावर भर पडत गेली आणि तिसऱ्या नावाचे खातेच उघडले गेले नाही. एक अन्याय एकदा छापला गेला की सायटेशन नावाचे यंत्र त्याच्या लाखो प्रती काढते. पुढचे संशोधक मुद्दाम अन्याय करतात असे नाही. ते फक्त छापलेले उतरवून घेतात. मनुस्मृतीचा अंमलही असाच चालत आला. प्रत्येक पिढीने ती नव्याने लिहिली नाही, फक्त पुढच्या पिढीला जशीच्या तशी सुपूर्द केली.

याच काळात थॉमस यांच्या घरची परिस्थिती काय होती? पगार तोकडा. म्हणून ब्लॅलॉक यांच्या घरच्या मेजवान्यांत ते पाहुण्यांना मद्य देण्याचे काम करीत. दिवसा ज्या तरुण डॉक्टरांना ते शस्त्रक्रियेचे धडे देत, संध्याकाळी त्यांच्याच हातात पेला देत! डेंटन कूली यांच्यासारखे पुढे जगप्रसिद्ध झालेले शल्यचिकित्सक त्यांच्याकडून शिकले. शिष्यांच्या नावावर निबंधांच्या राशी पडल्या आणि गुरू पदवीवाचून, पदावाचून राहिला. आमच्याकडे एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्याने घेतला. इथे गुरूचाच अंगठा कापला गेला आणि शिष्य अर्जुन झाले.

ब्लॅलॉक दुष्ट होते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी थॉमस यांना प्रयोगशाळा सोपवली आणि भर शस्त्रक्रियागृहात आपल्या खांद्यामागे उभे केले. त्या काळातील गोऱ्या माणसाच्या मानाने हे थोडे नव्हे. टॉसिग यांनाही बाई म्हणून पुष्कळ सोसावे लागले. इतके मोठे काम करूनही त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळायला 1959 साल उजाडले. परंतु भला माणूस खासगीत मान देतो आणि कागदावर नाव घालत नाही, यातच व्यवस्थेचे खरे रूप दिसते. आमच्याही वाट्याला असे भले लोक पुष्कळ आले आहेत. पाठीवर हात ठेवतात, 'तू फार हुशार आहेस' म्हणतात आणि सहीची वेळ आली की आम्हाला चहा आणायला पाठवतात. आम्हाला दया नको आहे, दप्तरात नोंद हवी आहे.

नोंद झाली, पण फार उशिरा. ब्लॅलॉक 1964 साली वारले. थॉमस यांनी घडवलेल्या शल्यचिकित्सकांनी 1971 साली त्यांचे तैलचित्र हॉपकिन्सला भेट दिले. 1976 साली संस्थेने त्यांना मानद पदवी दिली, तीही वैद्यकाची नव्हे, कायद्याची! त्याच सुमारास त्यांना अध्यापकवर्गात घेतले. तोवर त्यांनी साठी ओलांडली होती. नोव्हेंबर 1985 मध्ये ते गेले आणि त्यांचे आत्मचरित्रही त्याच वर्षी आले. 2004 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला. 2021 साली हॉपकिन्सने त्यांच्या नावाने 15 कोटी डॉलरची शिष्यवृत्ती योजना जाहीर केली. आता अनेक तज्ज्ञ त्या शस्त्रक्रियेला 'ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग शंट' म्हणतात. चांगली गोष्ट आहे. पण 1945 च्या त्या निबंधावर आजही दोनच नावे आहेत आणि सूची मोजते ती त्या दोनच नावांना.

त्याच हॉपकिन्समधली दुसरी हकिकत याहून विदारक आहे. 1951 साली हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री तिथे कर्करोगावर उपचार घेत होती. तिला न विचारता तिच्या गाठीतील पेशी घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या. पोलिओच्या लसीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत त्यांच्यावर काम झाले. त्यांचा वापर केलेल्या निबंधांची संख्या 1,10,000 हून अधिक असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे म्हणणे आहे. एवढ्या निबंधांनी किती जणांना प्राध्यापक केले असेल, याचा विचार करा. आणि ती बाई? तिचे नावही कित्येक वर्षे 'हेलन लेन' असे चुकीचे सांगितले जात होते. घरच्यांना वीसेक वर्षे पत्ता नव्हता. 2023 साली एका बड्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. एकाचे हात घेतले, दुसरीचे शरीर घेतले, आणि नाव दोघांचेही घेतले नाही.

कुणी म्हणेल, हे अमेरिकेतले, आमचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेबांनी 1946 साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. 1972 साली आमच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आणि आणखी एक गोष्ट पाहा. ज्या 1945 साली थॉमस यांचे नाव निबंधावरून गळाले, त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. आमच्या माणसाला शिकण्याचा हक्क मिळाला तरच त्याचे नाव कागदावर येईल, हे त्यांनी ओळखले होते.

बाबासाहेबांनी जातीचे विश्लेषण करताना दाखवून दिले की जात नुसती कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांच्या डोक्यावर रचते. आपल्या रुग्णालयांत ही उतरंड उघड्या डोळ्यांनी दिसते. अनेक सरकारी शवविच्छेदनगृहांत प्रेत उघडणारा, कवटी फोडणारा, पुन्हा शिवणारा हात कुणाचा असतो? चतुर्थश्रेणी सफाई कामगाराचा, आणि तो बहुधा आमच्यातलाच असतो. अहवालावर सही डॉक्टरची. त्या अहवालांवरून पुढे निबंध लिहिला गेला तर त्यावर नावे विभागातल्या डॉक्टरांची. या कामगाराला निबंधाचा लेखक करा, असे आमचे म्हणणे नाही. पण पंधरा-वीस वर्षांच्या कामातून त्याला जे ज्ञान आले त्याची नोंद, त्याला प्रशिक्षण, हुद्दा आणि दाम, यांतले काय मिळते? विटाळ त्याचा आणि विद्या त्यांची, हीच वाटणी चालू आहे.

आता गुणवत्तेच्या ठेकेदारांचा हिशोब पाहू. 2005 ते 2014 या काळात भारतातील 579 वैद्यकीय संस्थांनी किती निबंध प्रसिद्ध केले, याची पाहणी डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केली. त्यातल्या 332 संस्थांचा, म्हणजे 57 टक्क्यांहून अधिक संस्थांचा, दहा वर्षांत एकही निबंध नव्हता! या संस्थांतील सगळी प्राध्यापकपदे काय आरक्षणातून भरली होती? तेथे गुणवत्ता बुडाली म्हणून कुणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मात्र राखीव जागेवर उमेदवार आला की त्याचे निबंध मोजायला भिंग घेऊन बसतात. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा मारून जागा रिकामी ठेवतात. 2022 साली संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने दिल्लीच्या 'एम्स'विषयी अहवाल देताना ही सबब मान्य करण्यास स्पष्ट नकार दिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आधी प्रयोगशाळेचे दार बंद ठेवायचे आणि मग 'तुझे निबंध कुठे आहेत?' म्हणून विचारायचे, हा कुठला न्याय? विहिरीवर जाऊ द्यायचे नाही आणि अंग मळकट म्हणून हिणवायचे, तसलाच हा प्रकार. निबंध आकाशातून पडत नाही. त्यासाठी मार्गदर्शक लागतो, उपकरण लागते, अनुदान लागते, रात्रपाळीतून सुटका लागते आणि 'ये, तुझे नाव घालू' असे म्हणणारा वरिष्ठ लागतो. 2006 साली केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने 'एम्स'मधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणारा भेदभाव 2007 साली देशापुढे मांडला होता. ज्या विद्यार्थ्याशी शिक्षक धड बोलत नाही, त्याला तो शोधनिबंधात सहलेखक करून घेईल काय?

उल्लेखांच्या आकड्यावर विसंबणाऱ्यांनी कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांचेही उदाहरण पाहावे. पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषानेच आतड्यात पाणी सुटते, हे त्यांनी सशांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केले. 1959 साली 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला. त्याचे महत्त्व जगाने ओळखायला वर्षे गेली. 1978 साली नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना हयातीत आपले सदस्य केले नाही. तेही 1985 साली गेले. आणि त्यांच्या कामाच्या प्रभावावर 1986 साली लिहिले कुणी? ज्यांनी ती सूची बनवली त्या गारफिल्ड यांनीच! ज्याचे नाव 'नेचर'मध्ये छापले होते त्याची ही गत, तर ज्याचे नाव छापलेच गेले नाही त्याची काय कथा?

या प्रश्नात आमच्या जिवाचाही सवाल आहे. संशोधक कोण, यावर संशोधन कशाचे, हे ठरते. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक पाहणी आली. शिक्षण, प्रशिक्षण, पूर्वीचे निबंध हे सर्व जमेस धरूनही अमेरिकेत कृष्णवर्णीय अर्जदाराला राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा टक्केवारीत 10 अंकांनी कमी होती. 2019 च्या पुढील अभ्यासात याचे एक कारण दिसले. कृष्णवर्णीय संशोधक लोकसमूहांच्या आरोग्याचे विषय अधिक निवडतात आणि त्या विषयांना अनुदानच कमी मिळते. आता आपल्याकडे पाहा. सिकलसेल हा रक्ताचा आजार कुणाचा? गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींचा आणि विदर्भातील आमच्या बौद्ध वस्त्यांचा. भारतात त्याची नोंद 1952 साली झाली. तो मुळापासून दूर करण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू व्हायला जुलै 2023 उजाडला. सत्तर वर्षे आमची लेकरे सांधेदुखीने तळमळत राहिली. आजार ज्यांच्या घरात आहे त्यांची मुले संशोधन मंडळांवर असती, तर इतका काळ लागला असता काय?

याचा अर्थ निबंध लिहू नयेत, आकडे फेकून द्यावेत, असा कुणी काढू नये. तो पळपुटेपणा होईल. बाबासाहेब कोलंबियात शिकत असताना त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि तो 1917 साली 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यावर त्यांचे नाव होते, म्हणूनच कुणाला ते पुसता आले नाही. ज्ञानाच्या दप्तरात आपली सही असली पाहिजे, हा धडा त्यांनी विद्यार्थिदशेतच घालून दिला. आम्हाला माप नको आहे असे नाही. आम्हाला मापात पाप नको आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक वैद्यकीय संस्थेत संशोधन सुरू करतानाच कोण काय करणार आणि निबंधावर कुणाचे नाव कुठे येणार, हे लेखी ठरले पाहिजे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियमच सांगतात की ज्याने संशोधनात भरीव वाटा उचलला आहे, त्याला मसुदा लिहिण्याची-तपासण्याची संधी नाकारून लेखकपदापासून दूर ठेवू नये. हा नियम प्रत्येक विभागाच्या फलकावर मराठीत लावावा. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, परिचारिका आणि गावोगाव फिरून नमुने गोळा करणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांचा वाटा नावानिशी नोंदवावा. विभागप्रमुख आहे म्हणून फुकट नाव घालणाऱ्यांवर कारवाई व्हावी. राखीव अध्यापकपदे रिकामी ठेवणाऱ्या संस्थेला कारण जाहीर करायला लावावे. सिकलसेलसारख्या आजारांवरील अनुदानात, ज्या समाजांचे ते दुखणे आहे त्या समाजांतील संशोधकांना अग्रक्रम द्यावा.

आणि एक सांगणे आमच्या मुलामुलींना. नागपूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आज आमची लेकरे शिकत आहेत. त्यांनी आपल्या कामाची वही तारीखवार ठेवावी. नमुना कुणी घेतला, तक्ता कुणी केला, मसुदा कुणी लिहिला, याची नोंद ठेवावी. नाव गाळले गेले तर लाजू नये, लेखी विचारावे. एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर संघटनेने विचारावे. थॉमस यांनी एकट्याने पगार मागितला आणि मिळवला. नाव मात्र त्यांना एकट्याला मिळवता आले नाही, कारण पाठीशी संघटना नव्हती. तुमच्या पाठीशी बाबासाहेबांनी दिलेले संविधान आहे, समाज आहे. खांद्यामागच्या स्टुलावर उभे राहून दुसऱ्यांना टाके सांगण्याचे दिवस आता संपले पाहिजेत. सुरी तुमच्या हातात हवी, लेखणीही तुमच्या हातात हवी, आणि निबंधाच्या शीर्षकाखाली तुमचे पूर्ण नाव, आडनावासकट, छापून आले पाहिजे.